फुकटचा पहारेकरी

माझे एक जुने स्नेही आहेत. चौतीस वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवून ते निवृत्त झाले. सुट्टीत गावोगाव हिंडून शेतांची, पाणवठ्यांची, पाऊलवाटांची नावे टिपून ठेवण्याचा त्यांना नाद होता. नीरेच्या खोऱ्यातली अशी दीड हजारावर नावे त्यांनी जमवली होती. प्रत्येक नावाखाली ते सांगणाऱ्या म्हाताऱ्याचे किंवा म्हातारीचे नाव आणि त्यामागची हकिकत. त्यांतली काही शेते आज धरणाच्या पाण्याखाली आहेत आणि सांगणारी बहुतेक माणसे हयात नाहीत. वह्यांना वाळवी लागली तेव्हा गुरुजींनी दोन वर्षे खपून तो सारा ऐवज घरच्या संगणकात उतरवला आणि उरलेली रद्दी समाधानाने बंबात घातली.

गेल्या वैशाखात एके सकाळी त्यांनी संगणक उघडला, तो प्रत्येक फायलीच्या नावाला चार अक्षरांचे एक अनोळखी शेपूट लागलेले. एकही फाईल उघडेना. शेजारी एक इंग्रजी चिठ्ठी: ९८० डॉलर भरा, म्हणजे किल्ली मिळेल, बहात्तर तासांच्या आत लिहिलेत तर निम्म्यात, ४९० डॉलरांत काम होईल.

मी भेटायला गेलो तोवर दोन निकाल लागून चुकले होते. संगणकवाला दुकानदार म्हणत होता, "गुरुजी, तुम्ही साधा अँटिव्हायरस घेतलात. मोठा पॅक घेतला असता तर ही वेळ आली नसती." पुण्याहून आलेला मुलगा म्हणत होता, "बाबा, मुळात पैसे भरलेतच कशाला? फुकटचे दहा मिळतात." एकाची निष्ठा किमतीवर, दुसऱ्याची फुकटावर. झाले काय होते, हे मात्र दोघांपैकी कोणीही विचारले नव्हते.

झाले होते ते असे. गुरुजींना ही नावे पुस्तकरूपाने छापावयाची होती. पाने जुळवण्याचे एक महागडे सॉफ्टवेअर पुतण्याने पेन ड्राइव्हवर आणून दिले. ते विकत घेतलेले नव्हते. कुलूप तोडलेले, बाजारात ज्याला 'क्रॅक' म्हणतात ते होते. सोबत सूचना होती: बसवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करा. पुतण्याने तो बंद केला. वर्षाची वर्गणी भरलेला पहारेकरी घरच्याच माणसाने बाहेर काढला आणि चोराला खांद्यावर बसवून आत आणले. मग पहारेकरी महागाचा होता की स्वस्तातला, याची चर्चा करण्यात काय अर्थ आहे?

मला या लेखात जे म्हणावयाचे आहे ते या एका प्रश्नातून निघते. घरच्या संगणकाच्या रक्षणासाठी पैसे मोजून अँटिव्हायरस घेण्याची आज बहुतेक कुटुंबांना गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु म्हणून दिसेल ते फुकटचे सॉफ्टवेअर उचलून आणावे, हेही तितकेच चुकीचे आहे. आणि या दोन्हींपेक्षा मोठी चूक तिसरीच आहे, जिच्याविषयी आपण सुशिक्षित माणसे अवघडून गप्प बसतो.

प्रथम किमतीच्या भक्तांचा समाचार घेऊ. त्यांच्या बाजूने जे खरे आहे ते आधी सांगितले पाहिजे. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला आणि त्यात आपले नाव, पत्ता, दूरध्वनी क्रमांकही घातला. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर असल्या गोष्टी पसरू लागल्या तेव्हा संगणकाच्या अंगावर चिलखत म्हणून काही नव्हते. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्त करण्यापासून सुरुवात केलेल्या कैलास काटकरांच्या दुकानात दुरुस्तीला येणारे संगणक असेच बाधित होऊन येत. त्यांचे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहिला आणि त्यातून 'क्विक हील' उभी राहिली. १९९० नंतरच्या त्या दशकात ज्याने पैसे मोजून अँटिव्हायरस घेतला तो शहाणा होता. मराठी माणसाने या धंद्यात नाव काढले याचा मलाही अभिमान आहे.

परंतु तेव्हाचे शहाणपण आज चालवणे म्हणजे नळ आल्यावरही पाणक्याचा पगार चालू ठेवणे होय. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये आपला अँटिव्हायरस फुकट द्यावयास सुरुवात केली आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून तो विंडोजच्या पोटातच घातला. आरंभी तो सामान्य होता, हे मी लपवीत नाही. जर्मनीतील एव्ही-टेस्ट या परीक्षणसंस्थेने २०१२ मध्ये त्या फुकटच्या अँटिव्हायरसचे प्रमाणपत्रच रोखले होते. पुढे त्याने अभ्यास केला. आज त्याच संस्थेच्या परीक्षांत तो पैसे घेणाऱ्यांच्या पंक्तीला बसून पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण गुण घेतो. नवा लॅपटॉप आणला की त्यात काही महिन्यांच्या चाचणी-मुदतीचा दुसराच अँटिव्हायरस भरून दिलेला असतो. तो येताच घरचा पहारेकरी अदबीने मागे सरतो, आणि मुदत संपत आली की भीती घालणाऱ्या पाट्या पडद्यावर झळकू लागतात. माणसे घाबरून पैसे भरतात. वस्तुतः त्या पाहुण्याला निरोप दिला की घरचा पहारेकरी आपण होऊन दारात येऊन उभा राहतो. ही साधी गोष्ट दुकानदार सांगत नाही, कारण ती सांगण्यात त्याचा फायदा नाही.

बरे, किंमत मोजल्याने निर्धास्तपण तरी येते काय? १९ जुलै २०२४ रोजी जगभर विमानतळांवर, रुग्णालयांत आणि बँकांत विंडोजचे पडदे निळे पडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले होते. हा कोणा चोराचा पराक्रम नव्हता. क्राउडस्ट्राइक या कंपनीने आपल्या महागड्या रक्षक-सॉफ्टवेअरसाठी पाठवलेल्या एका सदोष फायलीने हा गोंधळ झाला. नॉर्टन या सशुल्क अँटिव्हायरसमध्ये २०२१ साली एक नवी सोय आली: वापरकर्त्याने होकार दिला तर संगणक रिकामा असताना त्यावर आभासी चलन उत्पन्न करावयाचे आणि त्यातले १५ टक्के कंपनीने ठेवावयाचे. पगारी गुरख्याने रात्री आपल्याच अंगणात गिरणी टाकण्याची परवानगी मागावी, तसा हा प्रकार. किंमत जास्त म्हणजे इमान जास्त, हे समीकरण कोठेच सिद्ध झालेले नाही.

आणखी एक गोष्ट. फ्रेड कोहेन या संशोधकाने १९८० नंतरच्या दशकातच दाखवून दिले होते की, जगातला प्रत्येक व्हायरस अचूक ओळखील आणि निरुपद्रवी गोष्टीला कधीही व्हायरस म्हणणार नाही, अशी पद्धत तत्त्वतःच शक्य नाही. म्हणून 'शंभर टक्के संरक्षण' असे ज्या खोक्यावर छापलेले असेल तो खोका दुकानातच ठेवावा.

आता फुकटाच्या भक्तांकडे वळू. 'फुकट ते पौष्टिक' ही आपल्याकडची म्हण थट्टेने निघाली. आपण ती धोरण म्हणून स्वीकारली आहे. अव्हास्ट हा कोट्यवधी घरांतला फुकटचा अँटिव्हायरस. त्याच्या जम्पशॉट नावाच्या उपकंपनीतर्फे वापरकर्ते इंटरनेटवर कोठे कोठे फिरतात याचा तपशील विकला जात होता, हे जानेवारी २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केले आणि ती उपकंपनी बंद करावी लागली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये या प्रकरणी १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचा आदेश जाहीर केला आणि असा तपशील जाहिरातींसाठी विकण्यास मनाई केली. आरोप आपणांस मान्य नाहीत असे म्हणत कंपनीने तडजोड केली. रोगांची माहिती, कर्जाची चौकशी, मनातल्या शंका या साऱ्या माणूस आज संगणकालाच विचारतो. त्या ऐकण्यासाठी ज्याला दाराशी उभे केले नव्हते, तोच त्या ऐकून बाजारात विकीत होता.

"मग दुसरा फुकटचा घेऊ," असे कोणी म्हणेल. अव्हास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतला. नॉर्टनच्या कंपनीने २०२१ मध्ये अविरा घेतला आणि २०२२ मध्ये अव्हास्टही आपल्यात विलीन करून घेतला. म्हणजे चार पाट्यांची चार दुकाने पाहून आपण निवड करतो, आणि गल्ल्यावर मालक एकच बसलेला असतो.

याहून खालच्या थरावर तर निव्वळ भामटेगिरी आहे. पडद्यावर एकदम पाटी येते: तुमच्या संगणकात अमुक इतके व्हायरस सापडले, आमचे फुकटचे औषध घ्या. असली बनावट औषधे विकणाऱ्या एका टोळीवर अमेरिकेत २००८ मध्ये खटला दाखल झाला आणि २०१२ मध्ये तिच्याविरुद्ध १६ कोटी ३० लाख डॉलरांचा निकाल लागला. म्हणून एक नियम कायमचा ध्यानात ठेवावा: जो पहारेकरी आपण न बोलावता स्वतः दार ठोठावतो, तो पहारेकरी नसतो.

येथे शब्दांची एक गफलत दूर केली पाहिजे. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दात फुकटही येते आणि मुक्तही येते. बिचाऱ्या रिचर्ड स्टॉलमनना १९८० नंतरच्या दशकात आपली चळवळ सुरू केल्यापासून हा फरक समजावून सांगावा लागला आहे. आपल्या भाषेत दोन स्वतंत्र शब्द आहेत आणि तरीही आपण घोटाळा करतो, याची आपल्याला लाज वाटली पाहिजे. फुकट म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे ज्याची घडण कोणालाही उघडून पाहता येते, वापरता येते, बदलता येते आणि दुसऱ्याला देता येते. देवळाच्या दारात वाटलेला प्रसाद फुकट असतो. गावची विहीर मुक्त असते. प्रसादात काय घातले हे आपण विचारीत नाही. विहिरीचा तळ मात्र कोणालाही वाकून पाहता येतो.

मुक्त सॉफ्टवेअरचे काही भक्त लगेच टाळ्या पिटतील, म्हणून त्यांनाही दोन शब्द सांगतो. विहीर उघडी आहे म्हणून तिच्यात कोणी काही टाकीत नाही, असे नाही. ओपनएसएसएल या मुक्त साधनातले 'हार्टब्लीड' हे भगदाड दोन वर्षे तसेच होते आणि एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आले. 'एक्सझेड' नावाच्या लहानशा मुक्त साधनात कोणी एकाने दोन-तीन वर्षे सज्जन मदतनीसाचे सोंग घेऊन चोरदरवाजा बसवला. मार्च २०२४ मध्ये तो पकडला गेला. कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एका कामाला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, असे जाणवले आणि त्याने तळाशी जाऊन पाहिले. मुक्ततेने चोर टळला नाही. परंतु पाहणाऱ्याला पाहता आले. तिची किंमत एवढी आहे, आणि ती कमी नाही. तसेच क्लॅमएव्ही हा मुक्त अँटिव्हायरस टपाल वाहून नेणाऱ्या मोठ्या संगणकांवर उत्तम काम करतो, पण घरच्या विंडोजवर सतत जागता पहारा द्यावयास तो फारसा उपयोगी नाही. केवळ मुक्त आहे म्हणून तेथे त्याला नेमणे हे तत्त्वनिष्ठेचे नव्हे, हट्टाचे लक्षण आहे.

मग निवडावे कसे? घरी गडी ठेवताना आपल्या आज्या ज्या चौकशा करीत त्याच येथे कराव्यात. हा कोणाचा कोण? याचे पोट कशावर चालते? हा घरातून बाहेर काय नेतो? आणि नको झाला तर मुकाट्याने जाईल काय? विंडोजमधल्या पहारेकऱ्याला हे चारही प्रश्न विचारून पाहा. तो विंडोज करणाऱ्याचाच आहे, म्हणजे घर ज्याने बांधले त्याचाच गडी. त्याचा पगार विंडोजच्या किमतीत वसूल झालेला असतो. संशयास्पद फायलींचे नमुने तो मालकाकडे पाठवतो. ते नको असल्यास बंद करता येते. आणि दुसरा आला की तो स्वतःच मागे सरतो. उत्तरे निर्दोष नाहीत, पण ती समजतात. ज्याच्या पोटाचा प्रश्न आपणांस सुटत नाही, त्या फुकटच्या गड्याला दारात उभा करू नये.

आता मूळ दुखण्यावर येतो. मी ज्या घरांत जातो त्यांपैकी कितीतरी घरांत दुकानदाराने 'फॉरमॅट मारून' दिलेले चोरीचे विंडोज असते, चोरीचे ऑफिस असते, आणि त्यांच्या रक्षणासाठी रोख पैसे मोजून घेतलेला अँटिव्हायरस असतो! शेजाऱ्याच्या शेतातला ऊस तोडून आणावयाचा आणि त्यावर राखण म्हणून पगारी माणूस ठेवावयाचा, अशातला हा व्यवहार आहे. कुलूप तोडून दिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये ते तोडणाऱ्याने स्वतःसाठी काय ठेवले आहे, हे आपण कधी विचारीत नाही. गुरुजींवर कोसळलेली खंडणीखोर जात मुख्यतः याच मार्गाने पसरते. मुलांना 'चोरी करू नये' असे शिकवणाऱ्या, रस्त्यात सापडलेले पाकीट परत करणाऱ्या माणसांना येथे चोरी ही चोरीच वाटत नाही. "सगळेच वापरतात," हे उत्तर मी मास्तरांच्या, डॉक्टरांच्या आणि वकिलांच्या तोंडून ऐकले आहे.

आणि यातली सर्वांत खेदाची गोष्ट ही की, ही चोरी बहुधा निष्कारण असते. गुरुजींच्या पुस्तकासाठी जे हवे होते ते लिबरऑफिसमध्ये होते. ते फुकटही आहे आणि मुक्तही. मराठी टंकलेखनाचा कळफलक विंडोजमध्ये आधीपासून आहे. फायरफॉक्स मुक्त आहे. त्यावर चालणारा, फसव्या जाहिरातींना दारातच अडवणारा यूब्लॉक ओरिजिनही मुक्त आहे. केरळच्या शाळांनी हजारो संगणक मुक्त सॉफ्टवेअरवर चालवून दाखवले आहेत. माझ्या मते मुक्त सॉफ्टवेअर घराचे सर्वांत मोठे रक्षण करते ते व्हायरस पकडून नव्हे. चोरीची गरजच नाहीशी करून करते. ज्याला पाणी विहिरीवर मिळते त्याला रात्री कोणाची टाकी फोडावी लागत नाही.

राहिलेली औषधे तर बिनपैशाची आणि बिनजाहिरातीची आहेत. म्हणूनच त्यांविषयी कोणी बोलत नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' या खंडणीखोराने सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांवर संगणक बंद पाडले आणि इंग्लंडातल्या सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. त्याने ज्या भगदाडातून प्रवेश केला ते बुजवणारे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच, म्हणजे ५९ दिवस आधी, विनामूल्य पाठवले होते. ज्यांनी 'नंतर आठवण करा' हे बटण दाबले, ते बुडाले. म्हणून सुधारणा येताच ती बसवावी. विंडोज १० ची सर्वसाधारण मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. ज्या जुन्या यंत्राला विंडोज ११ झेपत नाही, त्यावर फुकट आणि मुक्त असे लिनक्स चढवणे हे नवे यंत्र घेण्यापेक्षा शहाणपणाचे. रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. घरातल्या प्रत्येकाच्या कमरेला तिजोरीची किल्ली कशाला हवी? भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राने २१ फेब्रुवारी २०१७ पासून संगणक साफ करण्याची साधने फुकट ठेवली आहेत आणि ती देशी कंपन्यांच्या मदतीने बनलेली आहेत, ती वापरावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे: ज्याची पुन्हा भरपाई नाही त्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून, ती डिस्क संगणकापासून सोडवून कपाटात ठेवावी. सतत जोडून ठेवलेली प्रत प्रतच नव्हे. चोर घरात शिरला की ती तिजोरीबरोबरच जाते.

"आमच्यासारख्यांच्या संगणकात चोरण्यासारखे आहे तरी काय?" असे विनयाने विचारणारे भेटतात. त्यांना माझे उत्तर एवढेच की, खंडणीखोराला तुमच्या वस्तूची बाजारातली किंमत नको असते. ती तुम्हांला किती हवी आहे, एवढेच त्याला पुरते. पाण्याखाली गेलेल्या एका शेताच्या नावाला बाजारात दिडकीही कोणी देणार नाही. गुरुजींनी मात्र ४९० डॉलर म्हणजे किती रुपये होतात, याचा हिशेब कागदाच्या कपट्यावर तीनदा मांडलेला मी पाहिला.

ते पैसे त्यांनी भरले नाहीत. चोराच्या शब्दावर विसंबण्यास मी त्यांना मना केले. २०१६ मध्ये डच पोलीस, युरोपोल आणि काही कंपन्यांनी मिळून 'नो मोअर रॅन्सम' हा उपक्रम काढला. तेथे अशा कुलपांच्या सापडलेल्या किल्ल्या फुकट मिळतात. आम्ही शोध घेतला. या जातीच्या जुन्या १४८ प्रकारांवर ऑक्टोबर २०१९ मध्ये उतारा निघाला होता. आमचा प्रकार त्यानंतरचा निघाला. ती डिस्क आम्ही पुसली नाही. तारीख घालून, कापडात बांधून ठेवली आहे. कधी किल्ली सापडली तर सापडली.

परवा गुरुजींचे टपाल आले. आठवतील तेवढी नावे त्यांनी नव्या वहीत पुन्हा लिहावयास घेतली आहेत. आजवर दोनशे अकरा झाली. "बाकीची आठवतीलच असे नाही," असे त्यांनी लिहिले आहे. सोबत त्या पानांची नक्कल होती आणि खाली एक ओळ: "ही तुझ्या कपाटात ठेव." मी ती ठेवली आहे. या रक्षणाला एक पैसाही पडला नाही. तेवढेच एक वर्ष आधी केले असते, तर उरलेली तेराशे नावे आज कोणीही मारू शकला नसता.